दीड फुटाची फट

६ मे १९९६, सोमवार

संडासाला खालून दार नाही!

म्हणजे दार आहे. नवं कोरं, फिकट पिवळ्या सनमायक्याचं. पण ते जमिनीच्या दीड फूट वरच संपतं. वरूनही आखूड. बाजूची पार्टिशनंसुद्धा तशीच अधांतरी. आणि आत काय? देशी सीट! जमिनीत बसवलेली, उकिडवं बसायची. फॉरेनमध्ये कमोडवर बसलेल्या बाईचे फार तर बूट दिसत असतील. इथे अख्खं माणूसच खाली येऊन बसतं, नेमकं त्या फटीसमोर. हे एकाच्याही डोक्यात आलं नाही?

आज नव्या इमारतीत पहिला दिवस. लखनौच्या कैसरबागेतली जुनी कोठी सोडून सगळं ऑफिस गोमतीनगरला आलं. फायली, कपाटं, आमचे ड्रॉइंग बोर्ड, झाडून सगळं. माथुर साहेबांनी नारळ फोडला, लाडू वाटले. ही इमारत म्हणजे त्यांची लाडकी लेक. मागे सरकारी खर्चाने परदेशात जाऊन आले, तिथून फोटो काढून आणले, आणि ठेकेदाराच्या मागे लागून हुबेहूब तसंच करून घेतलं. संडासाचेही फोटो काढणारा हा एकच साहेब असेल! फोटोत दारं दिसली, दारं केली. सीट दिसली नसणार, म्हणून ठेकेदाराने नेहमीची बसवून टाकली.

मी आत गेले, बसले. बाहेर वीणा हात धूत होती — वीणा श्रीवास्तव, आमची स्टेनो. तिचा साबण खाली पडला, ती वाकली, आणि आमची नजरानजर झाली. "मधु दी!!" ती किंचाळली.

मी काय म्हणणार? "नमस्ते" म्हटलं.

९ मे, गुरुवार

हसण्यावारी नेलं होतं. आता नाही.

आमच्या मजल्यावर पाण्याला जोर फक्त लेडीज टॉयलेटच्या नळाला. उन्हाळा, खोलीखोलीत कूलर, त्यांना बादल्यांनी पाणी लागतं. म्हणून चपरासी तिथेच येतात. बाबूलाल भला माणूस आहे. बाहेर खाकरतो, "कोई है?" विचारतो. आतून ओरडायचं, "है!" मग तो बिचारा व्हरांड्यात थांबतो. पण आज कुणी नवा होता, तो थेट आत आला. आणि आत नीलम. आमची टायपिस्ट, सहावा महिना चाललाय, पटकन उठताही येत नाही. तो नळ सोडून बादली भरेपर्यंत उभा. ती तशीच बसून, पदर तोंडावर ओढून. तोंडावर!

बाहेर आल्यावर मला म्हणते, "दीदी, चेहरा नहीं दिखा न, तो किसी को क्या पता कि मैं थी."

तळपायाची आग मस्तकात गेली.

१० मे, शुक्रवार

साहेबांकडे गेले. नीट, गोड बोलून सांगितलं. ते हसले. "मॉडर्न डिज़ाइन है, मिसेज निंबाळकर. वेंटिलेशन रहता है, सफ़ाई आसान. आप लोग थोड़ा ब्रॉड माइंडेड होइए." शिवाय, दार पूर्ण असलं की लेडीज आत बसून स्वेटर विणतात म्हणे. मे महिन्यात! लखनौच्या उन्हात! कोण विणतं हो स्वेटर?

खरं कारण शेवटी निघालंच. इमारत नीट झाल्याच्या दाखल्यावर त्यांनीच सही केलीय. आता दारं बदलायची म्हणजे चूक झाली असं लिहून द्यायचं. ते कसं होणार!

घरी शरदला सांगितलं. माझा नवरा रेल्वेत इंजिनिअर आहे, पण भांडणाचा वास आला की पेपर तोंडापुढे धरतो. पेपरामागूनच म्हणाला, "तुझा पुण्याचा अर्ज कुणाकडे आहे?"

आहे साहेबांकडेच. माहीत आहे मला. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून साताऱ्यात आई एकटी त्यांना उचलते, बसवते, न्हाऊ घालते. मी एकुलती एक. पुण्याच्या ऑफिसात बदली मिळाली तर दर शनिवारी साताऱ्याला जाता येईल. साहेबांनी वर पाठवल्याशिवाय अर्ज हलत नाही. हे सगळं माहीत आहे. म्हणून काय नीलमने पदर तोंडावर घेऊन बसायचं?

स्वरदा मध्येच, "मम्मी, प्लीज़! टॉयलेट के लिए कौन लड़ता है? सब हँसेंगे." पोरगी दहावीत गेली, लाज आणि अभ्यास दोन्ही डोक्यावर. हसू देत.

१६ मे, गुरुवार

शमीम आपांनी कमाल केली! आपा डिस्पॅचला असतात, पुढच्या वर्षी रिटायर. रोज बुरखा घालून रिक्षातून उतरतात, ऑफिसात आल्या की खुंटीला टांगतात. आज म्हणाल्या, "मेरा बुरक़ा तो दिन भर खूँटी पर आराम करता है. कुछ काम करे निगोड़ा." माझ्या ड्रॉइंग बोर्डाच्या मोठ्या क्लिपा घेतल्या आणि बुरखा दाराच्या खालच्या कडेला लटकवला. जमिनीपर्यंत झकास झाकलं! दुसऱ्या दाराला मी घरची चादर नेली, सोलापुरी.

आज पहिल्यांदा निवांत बसले. सुख म्हणजे काय, तर हे.

२१ मे, मंगळवार

परिपत्रक निघालं. "कार्यालय की गरिमा को देखते हुए" दारांवर कोणताही कपडा लावू नये. चादर जप्त! बुरखा आपांना बाबूलालने घडी घालून आणून दिला, मान खाली घालून. आपा त्याला म्हणाल्या, "तू क्यों शर्मा रहा है, बेटा? शर्म जिनको आनी चाहिए, उनके कमरे में तो एसी लगा है."

२३ मे, गुरुवार

दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही, प्यायलं की तिथे जावं लागतं. बाहेर लू, भाजून काढणारा वारा. डोकं ठणकतंय. साहेबांच्या नावाने बोटं मोडली, तेवढंच बरं वाटलं.

२९ मे, बुधवार

मी ड्राफ्ट्समन. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. पुलांचे नकाशे काढण्यात जन्म गेला. मग म्हटलं, तोंडाने सांगून कळत नाही ना, काढूनच दाखवते!

डब्याच्या सुट्टीत दारं मोजली आणि सेक्शन काढलं. म्हणजे इमारत सुरीने कापल्यासारखी बाजूने दिसते ती आकृती. आत उकिडवी बसलेली बाई. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती बाह्यरेषा. पदरही दिला तिला डोक्यावरून. बाहेर बेसिनपाशी वाकलेली दुसरी, आणि बादली घेतलेला एक माणूस. त्यांच्या डोळ्यांपासून तुटक रेषा ओढल्या. त्या थेट बाईवर जाऊन पडतात. बाकी एक शब्द लिहिला नाही.

साहेबांनी पाहिलं आणि कागद चटकन पालथा घातला.

"मिसेज निंबाळकर! यह अश्लील है."

"सर, इसमें एक लकीर मैंने अपनी तरफ़ से नहीं डाली. जो बना है, वही काग़ज़ पर है. काग़ज़ अश्लील है तो टॉयलेट क्या है?"

बोलून गेले!

"आप जा सकती हैं."

"और ड्रॉइंग, सर?"

"यहीं रहेगी." ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली फिरवली.

राहू दे. माझ्याकडे ट्रेसिंग आहे! ट्रेसिंग असलं की हवे तेवढे प्रिंट. संध्याकाळी तिघींना एकेक दिला. नीलमने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "दीदी, इसका पल्लू तो आपने मेरे जैसा बनाया है."

५ जून, बुधवार

नीलम आली नाही. वीणा तिच्या घरी जाऊन आली. थंडी वाजून ताप, लघवीला आग. दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टरीणबाई तिच्यावरच ओरडल्या — इतक्या गर्मीत, पोटात पोर असताना पाणी का पीत नव्हतीस? ती काय सांगणार? म्हणाली, भूल गई.

बाळ ठीक आहे. बाळ ठीक आहे असं वीणाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

आता मी गोड बोलणार नाही.

१४ जून, शुक्रवार

आजचा दिवस मरेपर्यंत विसरणार नाही!

दिल्लीहून पाहणीला मोठे साहेब आले होते, चंद्रशेखर नावाचे. पांढरे केस, शांत चेहरा. माथुर साहेबांची पहाटेपासून धांदल. मलिहाबादहून दशहरीच्या पेट्या मागवलेल्या. केबिनमध्ये आंबे कापून ठेवलेले, एसी चालू, नकाशे टेबलावर पसरलेले.

माथुर साहेबांच्या केबिनला स्वतःचं बाथरूम आहे. त्याला दार. वरपासून खालपर्यंत दार!

आमचं कालच ठरलं होतं. पहिल्या शमीम आपा. दारावर टकटक, "इजाज़त है, हुज़ूर?" आणि उत्तराची वाट न बघता केबिनमधून सरळ बाथरूममध्ये. आतून कडी लावल्याचा आवाज. माथुर साहेबांच्या हातात आंब्याची फोड तशीच. पाणी सोडल्याचा आवाज. आपा बाहेर, दुपट्टा सारखा करत, "शुक्रिया," आणि निघाल्या. लगेच वीणा. "एक्सक्यूज़ मी, सर." मग मी. आमच्यामागे रामदुलारी, सगळ्या मजल्याचे संडास धुणारी. ते बाथरूम ती रोज घासते, पण आत कधी बसली नव्हती. तिने सगळ्यांत जास्त वेळ घेतला!

मी आत पाहिलं. कडी होती, वर बोल्टही होता. एका माणसाला दोन! टॉवेल गुलाबी.

बाहेर आले तर चंद्रशेखर साहेब विचारत होते, "माथुर, व्हॉट इज़ गोइंग ऑन?" आपा दारातच थांबल्या होत्या. अदबीने म्हणाल्या, "हुज़ूर, हमारे वाले में दरवाज़ा पूरा नहीं पड़ता. साहब कहते हैं ब्रॉड माइंडेड बनिए. सो आज बन गए."

मी हातातला प्रिंट टेबलावर ठेवला, आंब्यांच्या शेजारी. चंद्रशेखर साहेबांनी चष्मा चढवून पाहिला. बराच वेळ. पालथा नाही घातला. घडी करून खिशात ठेवला. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "मैं रिपोर्ट मँगवाऊँगा," एवढंच.

आम्ही चौघी जिन्यात येऊन इतक्या हसलो की रामदुलारी पायरीवर बसूनच राहिली.

१५ जून, शनिवार

शरदला सगळं सांगितलं. पेपर खाली ठेवला त्याने. म्हणाला, "आंबे कसे होते?" मग स्वतःच हसायला लागला आणि थांबेचना. अठरा वर्षांपूर्वी ह्याच हसण्यावर भाळले होते मी.

स्वरदा मात्र हसली नाही. "सच में अंदर चली गईं आप? सबके सामने?" दोनदा विचारलं. मग उठून खोलीत गेली. लाज वाटली असेल तिला माझी. वाटू दे. मोठी झाली की कळेल.

२४ जून, सोमवार

साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला! मी मनात म्हटलं, मधुमती, सांभाळ.

दिल्लीहून पत्र आलंय. महिलांच्या सोयी समाधानकारक आहेत की नाहीत, तांत्रिक माहिती असलेल्या महिला कर्मचाऱ्याच्या सहीने कळवा. अशी ऑफिसात एकच. जिने तो अश्लील नकाशा काढला ती! साहेबांनी मजकूर टाइप करूनच ठेवलेला. "व्यवस्था संतोषजनक है, पूर्व में दिया गया रेखाचित्र भ्रमवश बनाया गया."

भ्रमवश! म्हणजे मला भास झाला!

मी कागद परत सरकवला. त्यांनी दुसरी फाईल पुढे सरकवली. माझा पुण्याचा अर्ज. "वहाँ पोस्ट ख़ाली है. आपके फ़ादर की तबीयत का मुझे ख़याल है. यह आ जाए तो वह उसी दिन चला जाएगा." आवाज इतका मऊ!

"सोचकर बताती हूँ" असं नाही म्हटलं मी. म्हटलं, "सर, भ्रम मुझे नहीं हुआ है." आणि चहा न पिता उठले. प्यायले असते तर मग जाणार कुठे?

३० जून, रविवार

आईचा फोन. एसटीडी बूथवरून, सकाळीच. कळलंच मला काहीतरी झालंय.

बाबा न्हाणीघरात पडले. आई रोज दार नुसतं लोटून बाहेर उभी राहते. काल म्हणाले, "आता मला बायकोच्या पहाऱ्यात बसवणार का?" आणि आतून कडी लावली. पडले ते दाराला टेकूनच. शेजारच्यांनी दार फोडलं. डोक्याला टाके, खुब्याला मार. आई रडत नव्हती, नुसती म्हणत होती, "त्यांना लाज वाटते गं. फार लाज वाटते. मी एकटी कुठवर पुरी पडू, मधू?"

बाबा माझेच. कडी पाहिजेच!

दिवसभर काही सुचलं नाही. कुकर दोनदा करपला.

१ जुलै, सोमवार

कागद मागून घेतला. साहेब म्हणाले, आरामसे, अगले सोमवार तक. जिंकल्यासारखं हसले.

सही करणार. ठरलं. दारं काय, उद्या दुसरी कुणी भांडेल. बाबांना दुसरी मुलगी नाही.

३ जुलै, बुधवार

तिघींना सांगितलं. लपवून करणं जमलं नसतं मला. नीलमही आजच परत आली होती, चेहरा उतरलेला, हातात पाण्याची बाटली, पण उघडत नव्हती.

वीणा भडकली. "आप भी, मधु दी? हमको केबिन में घुसाकर आप पुणे चल दीं?" खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. मी पण ओरडले तिच्यावर. तुझे वडील चालते-फिरते आहेत म्हणून बोलतेस, म्हटलं. नको होतं बोलायला.

आपांनी मला बाजूला घेतलं. "जाओ बेटी. अब्बा को देखो. हम बुरक़ा टाँग लेंगे." आपा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

५ जुलै, शुक्रवार

कागद पर्समध्ये आहे. ‘भ्रमवश’ हा शब्द डोळ्यांपुढून हलत नाही. शरद म्हणतो, "तू काय करशील ते माझ्या लेखी बरोबर." अशा वेळी ह्या माणसाने जरा भांडावं ना!

७ जुलै, रविवार

स्वरदाची उद्यापासून शाळा. वह्यांना कव्हरं घालत बसली होती. शेजारी बसून सांगितलं तिला, उद्या सही करतेय, मग पुणे. वाटलं, सुटल्यासारखं वाटेल पोरीला.

तिने कात्री खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मम्मी, हमारे स्कूल में तो दरवाज़ा है ही नहीं. छठी से मैं सुबह कुछ पीकर नहीं जाती. आप उधर जीत जातीं न, तो मैं आपको बताने वाली थी."

उद्या कागद सही न करताच परत देणार. तिथून थेट हिच्या शाळेत. आईला कसं सांगायचं, माहीत नाही.